भातावरचा काटेरी भुंगेरा, म्हणजेच हिस्पा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लावण्या आटोपून भात फुटव्यांवर आला की आमच्याकडे एकाच धर्तीचे प्रश्न येऊ लागतात. सोबत पांढरट पडलेल्या पानाचा फोटो असतो आणि खाली एकच ओळ: "हे काय आहे आणि काय मारू?" या घाईमुळे दरवर्षी कितीतरी फवारण्या वाया जातात. म्हणून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल तर निदान ३, ९ आणि १२ वाचा, मगच पंप खांद्याला लावा.

१. हिस्पा म्हणजे नेमका कोणता किडा?

सुमारे ५ मिलिमीटर लांबीचा, निळसर काळा, उन्हात धातूसारखा चमकणारा भुंगेरा. पाठीवर आणि मानेशी बारीक ताठ काटे असतात, म्हणूनच त्याला काटेरी भुंगेरा म्हणतात. शास्त्रीय नाव डायक्लॅडिस्पा आर्मिजेरा. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ऑलिव्हिए याने १८०८ मध्ये त्याचे वर्णन केले. हा पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळातला आहे.

भारताखेरीज बांगलादेश, नेपाळ, म्यानमार, श्रीलंका, थायलंड, दक्षिण चीन अशा भात पिकवणाऱ्या मोठ्या पट्ट्यात तो आढळतो. आसाम, पश्चिम बंगाल, बिहार आणि विशेषतः बांगलादेशात त्याचे मोठे उद्रेक होतात.

२. हा पान वरून खातो की आतून पोखरतो?

दोन्ही, आणि पुढचे सगळे प्रश्न याच गोष्टीशी येऊन थांबतात. प्रौढ भुंगेरा पानावर बसून वरचा हिरवा थर खरडतो. त्यामुळे शिरांना समांतर, सरळ, बारीक पांढऱ्या रेघा उठतात. अळी मात्र पानाच्या आत राहते. पानाला वर आणि खाली असे दोन पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यामधला हिरवा गर ती खाते. दोन्ही पापुद्रे शाबूत राहतात आणि मधे पोकळी होते. बाहेरून बघणाऱ्याला फिकट, फुगीर, कागदासारखा डाग दिसतो. कोषही त्याच पोकळीत होतो.

म्हणजे अंड्यातून बाहेर पडल्यापासून भुंगेरा होईपर्यंतचा सगळा काळ तो पानात बंद असतो. ऊन, पाऊस आणि आपले बरेचसे औषध यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत सहजी पोचत नाही.

३. शेतात उभा राहून खात्रीने ओळखायचा कसा?

पांढरट डाग असलेले एक पान शेंड्याकडून तोडा आणि सूर्याकडे धरून बघा. डागाचा भाग अर्धपारदर्शक दिसतो. आत अळी असेल तर पिवळसर, चपटी, काही मिलिमीटर लांबीची आकृती दिसेल. थोडा वेळ नजर स्थिर ठेवलीत तर ती हलतानाही दिसते. मग नखाच्या टोकाने डागाचा वरचा पापुद्रा हळूच उचला. तो ओल्या कागदासारखा सुटून येतो. खाली अळी, तपकिरी कोष किंवा नुसती काळपट विष्ठा सापडते. नुसती विष्ठा आणि रिकामी पोकळी असेल तर भुंगेरा बाहेर पडून गेला आहे.

हे वेगवेगळ्या चुडांतल्या (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका म्हणजे चूड) पाचसहा पानांवर करा. आत काय आहे यावरच पुढे काय करायचे ते ठरते. सगळीकडे अळ्या असतील तर एक उपाय, सगळीकडे कोष असतील तर दुसरा आणि सगळे रिकामे असेल तर तिसरा. रस्त्यावरून बघून "शेत पांढरे पडले" एवढेच कळते, त्यावरून निर्णय घेता येत नाही.

प्रौढ भुंगेरा शोधायचा असेल तर वरच्या कोवळ्या पानांवर बघा. काटे साध्या डोळ्यांना दिसतात. मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा केलात तर शंकाच राहत नाही.

४. आमच्याकडे याला निळे भुंगेरे म्हणतात. एकच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि कोकणातल्या शेतकऱ्यांनी हा फरक आवर्जून समजून घ्यावा. कोकणात निळे भुंगेरे म्हणून ज्याचा उपद्रव होतो तो लेप्टिस्पा पिग्मिया हा वेगळा किडा आहे. तोही निळसर, चमकदार आणि जवळपास तेवढाच लांब. पण त्याचे अंग सडपातळ आणि गुळगुळीत असते, पाठीवर काटे नसतात.

त्याची अळी पान पोखरत नाही, हा खरा महत्त्वाचा फरक. पानाच्या कडा आत वळतात, त्या पन्हळीत बसून अळ्या वरचा हिरवा भाग खरडतात. त्या उघड्यावर असतात, पान सरळ केले की दिसतात. त्यामुळे हिस्पाच्या अळीला न लागणारी फवारणी निळ्या भुंगेऱ्याच्या अळीला लागू शकते. शेजाऱ्याला एका औषधाचा गुण आला आणि तुम्हाला आला नाही, तर त्यामागे हे कारण असू शकते.

५. पांढरे पट्टे तर इतर किडींमुळेही पडतात. फरक कसा ओळखायचा?

पाने गुंडाळणाऱ्या अळीमुळेही पांढरे पट्टे पडतात. पण तिथे पान लांबीने दुमडून रेशमी धाग्यांनी शिवलेले असते आणि उलगडले की हिरवट, चपळ अळी निसटते. हिस्पाचे पान सपाटच राहते.

सुरळीतील अळी पानाचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे तोडते आणि त्यांच्या नळ्या पाण्यावर तरंगताना दिसतात.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कडा करपा या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाशी. हिस्पा फार वाढला की शेत लांबून भाजल्यासारखे तपकिरी दिसते. कडा करपा पडलेले शेतही तसेच दिसते, कारण दोन्हींत पाने शेंड्याकडून वाळतात. जवळ जाऊन पाहा. करप्यात पानाची कड नागमोडी रेषेत पिवळी पडून वाळते आणि वाळलेला भाग पानाला घट्ट असतो, त्याचा पापुद्रा सुटत नाही. हिस्पात पापुद्रा सुटतो. या दोन्हींची गल्लत किती महागात पडते ते प्रश्न ११ मध्ये वाचा.

६. अंड्यापासून भुंगेरा व्हायला किती दिवस लागतात?

साधारण तीन आठवडे, हवामानानुसार थोडे मागेपुढे. अंडे ४ ते ५ दिवसांत उबते. अळी ७ ते १२ दिवस पान पोखरते. कोष ४ ते ६ दिवसांचा असतो.

मादी अंडी एकेकटी घालते, पुंजक्याने नव्हे. त्यासाठी ती कोवळ्या पानाच्या शेंड्याकडच्या भागात बारीक चीर पाडून अंडे पापुद्र्यात अर्धवट रोवते. शेंड्याकडची ही आवड लक्षात ठेवा, तिच्यावरच या किडीचा सर्वांत स्वस्त उपाय उभा आहे (प्रश्न १०).

तीन आठवड्यांच्या हिशेबाने खरिपाच्या एकाच पिकात दोनतीन पिढ्या सहज होतात. एकाच शेतात एकाच वेळी अंडी, अळ्या, कोष आणि भुंगेरे सापडतात ते त्यामुळेच.

७. भाताशिवाय तो कशावर जगतो?

भात हेच त्याचे मुख्य खाद्य आणि वाढीचे मुख्य ठिकाण. गवतवर्गातल्या इतर वनस्पतींवरही तो आढळला आहे: बांधावरची आणि पडीक खाचरातली गवते, क्वचित ऊस आणि मका.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. प्रौढ भुंगेरा एखाद्या गवतावर चरताना दिसला म्हणून त्याची पिढी त्याच गवतात वाढते असे नाही. प्रौढ भुंगेरा तगून राहण्यासाठी जे मिळेल ते खरडतो. अळीला मात्र दोन पापुद्र्यांमध्ये पुरेसा गर असलेले, कोवळे आणि तिला मानवणारे पान लागते. म्हणून बांधावरच्या गवतावर भुंगेरे दिसले तर ते गवत त्यांचा आसरा समजा. तिथे त्यांची पैदास चालली आहे असे म्हणायला गवताच्या पानात अळी सापडली पाहिजे. प्रश्न ३ मधली पापुद्र्याची तपासणी गवतावरही करता येते.

भाजीपाला, कडधान्ये, आंबा, काजू यांना हिस्पाचा धोका नाही.

८. एखाद्या वर्षी नावालाही नसतो आणि एखाद्या वर्षी शेत खाऊन टाकतो. असे का?

हवामानाचा मोठा हात असतो. सुरुवातीला जोरदार पाऊस आणि नंतर मोठी उघडीप, हवेत दमटपणा भरपूर, दिवस आणि रात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही, असे काही दिवस सलग मिळाले की संख्या झपाट्याने वाढते. मृगाने झोडपले आणि नंतर पाऊस दडी मारून बसला, ढगाळ उबारा राहिला, तर त्या वर्षी डोळे उघडे ठेवा.

बाकीची कारणे माणसाच्या हातातली आहेत. बांधावर आणि खाचरात माजलेले गवत, नत्राचा मारा (प्रश्न १५) आणि एकाच शिवारात महिनाभर मागेपुढे झालेल्या लावण्या. शेवटचे कारण दुर्लक्षित राहते. आधी लावलेल्या शेतात पहिली पिढी तयार होते आणि तिला नेमके उशिरा लावलेले कोवळे शेत समोर मिळते. शिवारात लावण्या शक्य तितक्या एकाच सुमारास झाल्या तर ही साखळी तुटते.

९. किती भुंगेरे दिसले तर काळजी करायची?

एका चुडात सरासरी एक-दोन प्रौढ भुंगेरे किंवा एक-दोन पोखरलेली पाने दिसू लागली की उपायाची वेळ आली असे मानतात. सरासरी म्हणजे बांधालगतच्या दोन चुडांवरून काढलेली नव्हे. शेतात तिरके चालत जा, वेगवेगळ्या ठिकाणचे वीसेक चूड बघा आणि मग आकडा काढा. कडेला प्रादुर्भाव बहुधा जास्त दिसतो, त्यामुळे बांधावरून अंदाज घेणारा हमखास घाबरतो.

पिकाची अवस्थाही मोजा. भात जोमाने फुटवे काढत असेल तर तो बराच मार सोसतो. खालची चारदोन पाने गेली तरी नवी येतात. अशा वेळी थोडेफार पांढरे पट्टे दिसले म्हणून खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलट तरव्यात (रोपवाटिकेत) किंवा नुकत्या लावलेल्या कोवळ्या आवणात (रोपांत) हीच संख्या जड जाते, कारण रोपाला पानेच मोजकी असतात.

१०. शेंडे खुडल्याने खरेच फरक पडतो का? की जुनी समजूत?

खरेच फरक पडतो. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने दिलेल्या माहितीनुसार पोखरलेले शेंडे कापून चिखलात गाडल्यास अळ्यांची संख्या ७५ ते ९२ टक्क्यांपर्यंत घटते. औषध नाही, खर्च फक्त मजुरीचा.

असे का घडते ते प्रश्न ६ मध्ये आले आहे. अंडी शेंड्याकडे असतात, अळीही तिथूनच पोखरायला सुरुवात करते. म्हणून उत्तम वेळ लावणीच्या आधीची. आवण काढून मुठी बांधल्या की शेंड्यांचा वरचा भाग विळ्याने एकदम छाटता येतो. खोडकिड्याची अंडीही पानाच्या शेंड्याकडे असतात, ती त्याच फटक्यात जातात.

लावणी झाल्यावर करायचे असेल तर फक्त डाग पडलेले शेंडे कापा. आणि कापलेले शेंडे बांधावर टाकून घरी जाऊ नका! कोष झालेला असेल तर पान सुकले तरी त्यातून भुंगेरा बाहेर येऊ शकतो. शेंडे चिखलात खोल दाबा किंवा शेतापासून लांब नेऊन नष्ट करा. औषध मारलेले नसेल तर जनावरांना घातले तरी चालतात.

११. मग शेंडे नेहमीच खुडावेत का?

नाही. दोन वेळा हात आवरायचा.

पहिली, शिवारात कडा करपा असेल तेव्हा. हा रोग जिवाणूंमुळे होतो आणि जिवाणू पानावरच्या जखमेतून आत शिरतात. शेंडे छाटणे म्हणजे प्रत्येक पानाला जखम करणे, आणि एकाच विळ्याने छाटत गेलो तर रोगी रोपावरचा जिवाणू आपणच निरोगी रोपाला लावतो. हिस्पा थोडा असेल आणि करप्याचा इतिहास असलेले शेत असेल तर शेंडे शाबूत ठेवणेच बरे. म्हणूनच प्रश्न ५ मधली ओळख आधी पक्की करा.

दुसरी, पीक पोटरीच्या (लोंबी बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेच्या) जवळ आले असेल तेव्हा. लोंबीतले दाणे भरायला सर्वांत वरची पाने लागतात. ती कापून आपण किडीपेक्षा जास्त नुकसान करू.

१२. फवारणी करून आठवडा झाला, तरी पाने पांढरी होतच आहेत. औषध बनावट होते का?

बनावट असूही शकते, पण बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते. स्पर्शाने मारणारे औषध पानावर पसरते आणि त्या वेळी उघड्यावर असलेले भुंगेरे मरतात. पानाच्या आतल्या अळ्या आणि कोष सुरक्षित राहतात. त्या अळ्या पोखरत राहतात, म्हणून डाग वाढतात. कोषातले भुंगेरे पुढच्या चारसहा दिवसांत बाहेर येतात, तोपर्यंत औषधाचा जोर ओसरलेला असतो.

शिवाय आधी पांढरे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. त्यामुळे जुने डाग बघून फवारणी फसली असे ठरवू नका. फवारणीनंतर आलेले नवे पान बघा. ते स्वच्छ असेल तर फवारणी लागू पडली.

म्हणून आमचा आग्रह असतो की फवारणीआधी पापुद्रे उचलून बघावेत. प्रौढ भुंगेरे भरपूर आणि अळ्या कमी असतील, तर फवारणीला अर्थ आहे, कारण अंडी घालणारेच मरतात. अळ्याच जास्त असतील तर शेंडे कापून गाडणे जास्त कामाचे. बहुतेक कोष असतील तर थोडे थांबून भुंगेरे निघताना बघावे आणि तेव्हा हातजाळी किंवा फवारणी यांचा विचार करावा. बहुतेक पोकळ्या रिकाम्या असतील आणि भुंगेरेही दिसत नसतील, तर फवारून उपयोग नाही.

१३. कोणते औषध मारू आणि किती?

नावे आणि प्रमाणे आम्ही इथे देत नाही. कीटकनाशकांच्या शिफारशी बदलतात, काही औषधांवर बंदी येते, आणि जुना मजकूर वाचून कोणी चुकीचे वापरावे हे आम्हाला नको आहे. भातावर आणि हिस्पावर शिफारस आहे असे बाटलीच्या लेबलावर लिहिलेले असेल तेच घ्या आणि प्रमाण लेबलावरचेच ठेवा. कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विज्ञान केंद्राची चालू हंगामाची शिफारस विचारून घ्या.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. भातावर कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली औषधे पुन्हा पुन्हा मारली की तपकिरी तुडतुडे (भाताचा रस शोषणारी कीड) उसळतात. तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात आणि तुडतुड्यांना मोकळे रान मिळते. हिस्पामुळे गेलेले पान एक वेळ भरून निघते, तुडतुड्यांनी जाळलेला चूड भरून निघत नाही.

१४. आम्ही रॉकेलमध्ये बुडवलेली दोरी पिकावरून ओढतो. हिस्पाला चालेल का?

दोरीचा उपाय सुरळीतील अळीसाठी आहे. तिच्या नळ्या दोरीने पाण्यात पडतात आणि मग पाणी काढून टाकता येते. हिस्पाची अळी पानाच्या आत असल्याने दोरी तिचे काही बिघडवत नाही. भुंगेरे हलतील, क्षणभर उडतील आणि परत बसतील. प्रौढ गोळा करायचे असतील तर हातजाळी बरी. पिकावरून जाळी फिरवायची आणि सापडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायचे. लहान खाचरात आणि तरव्यात हे चांगले जमते.

१५. युरिया टाकल्यावर हिस्पा वाढतो हे खरे का?

युरियामुळे भुंगेरे तयार होत नाहीत, पण जास्त नत्र दिलेल्या शेतात नुकसान वाढते हे खरे आहे. पान लुसलुशीत, गडद हिरवे आणि गरदार होते, आणि अळीला तेच हवे असते. नत्र शिफारशीइतके आणि हप्त्यांत द्या. प्रादुर्भाव दिसत असताना पुढचा हप्ता थोडा लांबवणे चांगले. किडीने पाने गेली म्हणून पीक सावरायला जादा युरिया टाकण्याची प्रवृत्ती दिसते. त्याने नवी कोवळी पाने येतात खरी, पण ती पुढच्या पिढीच्या तोंडी जातात.

लावणी फार विरळ असेल तर प्रत्येक पानावर पडणारा मार जास्त जाणवतो. दाट पानांचे पीक तेवढेच भुंगेरे सहज सोसते. तरी केवळ हिस्पासाठी लावणीचे अंतर बदलू नका.

१६. मित्रकीटक याला खातात का? खोडकिड्यासाठी लावलेली ट्रायकोकार्डे हिस्पालाही चालतील का?

खातात. अंड्यांवर आणि पानातल्या अळ्यांवर बारीक गांधीलमाश्या जगतात. अळीवर जगणारी माशी पानावरून अळीचा माग काढते आणि पापुद्र्यातून अंडी घालण्याची नळी खुपसून तिच्यावर अंडे घालते. प्रौढ भुंगेऱ्यांना मारेकरी ढेकूण पकडतात. दमट हवेत बुरशीही भुंगेऱ्यांना मारते. पांढऱ्या बुरशीने माखलेला भुंगेरा पानाला चिकटलेला दिसला तर तो तसाच राहू द्या.

आता कार्डांचे. ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा या किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या ज्यातून निघतात ते कार्ड. ट्रायकोग्रामा हे एकाच माशीचे नाव नाही, त्यात अनेक जाती आहेत. खोडकिड्यासाठी सहसा ट्रायकोग्रामा जापोनिकम वापरतात, पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा किलोनिस. हिस्पाच्या अंड्यांतून बांगलादेशात सापडलेली जात आणखी वेगळी, ट्रायकोग्रामा झहिरी. म्हणून बाजारातल्या कार्डांवर हिस्पासाठी भरवसा ठेवू नये. खोडकिड्यासाठी ती जरूर लावा, पण त्या दिवसांत फवारणी टाळा, नाहीतर कार्डांतून निघालेल्या माश्याच आधी मरतील.

१७. लिंबाच्या आणि टोमॅटोच्या पानांत नागमोडी रेघा आहेत. हाच किडा का?

नाही. त्या नागअळ्या. लिंबाच्या पानातली अळी एका बारीक पतंगाची असते, टोमॅटोच्या पानातली एका छोट्या माशीची. हिस्पा त्यांच्याकडे जात नाही आणि त्या भातातल्या हिस्पाशी कोणत्याही नात्याने जोडलेल्या नाहीत. आकारानेही ओळखू येते. नागअळी वळणावळणाची अरुंद वाट कोरते. हिस्पाची अळी शिरांच्या दिशेने लांबट, रुंद फोड करते.

पान पोखरणारे भुंगेरे मात्र इतरही आहेत, आणि सगळे शत्रू नाहीत. घाणेरीचे तण आटोक्यात ठेवण्यासाठी युरोप्लाटा गिरार्डी आणि ऑक्टोटोमा स्कॅब्रिपेनिस हे हिस्पाचेच दूरचे भाईबंद भारतासह अनेक देशांत मुद्दाम सोडले गेले. त्यांच्या अळ्या घाणेरीची पाने पोखरतात. रानात घाणेरीच्या पानांवर तपकिरी फोड दिसले तर ती कीड भातावर येईल अशी भीती बाळगू नका.

१८. हिस्पा लागलेल्या शेतातला तांदूळ आणि पेंढा वापरायला सुरक्षित आहे का?

हो. हा किडा दाण्यात शिरत नाही, लोंबीही खात नाही. नुकसान होते ते पाने गेल्यामुळे फुटवे आणि दाणे कमी होण्याचे. पेंढ्याबाबत पाहायचे ते औषधाचे. शेवटच्या फवारणीनंतर लेबलावर दिलेला काळ गेल्याशिवाय कापणी करू नका आणि जनावरांना तो चारा घालू नका.

१९. हाताने गोळा केले तर काटे टोचतात का?

काटे टोकदार असतात, पण विषारी नाहीत. तो चावतही नाही. मुलांनी पकडला म्हणून घाबरू नये.

२०. पीक पोटरीवर आले आणि आता हिस्पा दिसतोय. काय करू?

बहुतेक वेळा काहीच नाही. हिस्पा मुख्यतः शाकीय वाढीच्या काळातली कीड आहे. पाने जून आणि राठ झाली की त्याचा जोर आपोआप ओसरतो. वरची दोनतीन पाने हिरवी असतील तर थांबा. तीच पाने झपाट्याने पांढरी होत असतील, म्हणजे लावणी उशिरा झालेले कोवळे पीक असेल, तरच प्रश्न ९ प्रमाणे मोजणी करून कृषी सहायकाचा सल्ला घ्या. शेंडे या टप्प्यावर कापायचे नाहीत, कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

२१. कापणीनंतर तो कुठे जातो? आमच्याकडे उन्हाळी भातही असतो.

जिथे वर्षातून एकच भात होतो, तिथे भुंगेरे खोडक्यांना फुटलेल्या हिरव्या फुटव्यावर, सांडलेल्या दाण्यांतून उगवलेल्या रोपांवर आणि ओलाव्याच्या जागच्या गवतांवर तग धरतात. उन्हाळी भात असेल तर त्यांना तेवढी वाटही पाहावी लागत नाही. खरिपातून थेट उन्हाळी पिकावर, आणि तिथून पुढच्या तरव्यावर.

म्हणून अशा शिवारात कापणीनंतर लवकर नांगरट करून खोडके आणि फुटवा गाडा, पाटाच्या आणि बांधाच्या कडेचे गवत काढा. खरिपाचा तरवा शक्यतो उभ्या उन्हाळी भाताला लागून टाकू नका. तेवढी एकच जागा असेल तर रोपे चार पानांची झाल्यापासून दर दोनतीन दिवसांनी शेंडे उन्हाकडे धरून बघा. पहिल्या डागापासूनच शेंडे छाटायला लागलात, तर लावणीच्या खाचरात कीड आपल्याच हाताने नेली जाणार नाही.